चामड्याचे जाकीट आणि आपली सुई

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही मंडळानेच सुचविला होता : ‘आपला परंपरागत धंदा आणि नवी पिढी’. विषय थोर आहे. परंतु अशा थोर विषयावर शब्द पुष्कळ होतात आणि श्रोत्यांच्या पदरी फारसे काही पडत नाही, असा आमचा अनुभव आहे. आम्ही मॅट्रिक झालो आणि पुढील सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना गणित शिकविण्यात घालविली. गणित शिकविणाऱ्याला एक सवय जडते. नियम सांगण्यापूर्वी तो एक लहानसे उदाहरण फळ्यावर मांडतो. आजही आम्ही तेच करणार आहोत. आमचे उदाहरण म्हणजे एक जुने चामडी जाकीट, मोटरसायकल चालविणारे लोक घालतात ते. ते अंगाला नीट बसावे म्हणून काय करावे लागते, हे आम्ही सांगणार आहोत. त्यातून धंद्याविषयी जे निष्पन्न होईल, तेच आमचे व्याख्यान समजावे.

शिंपी समाजाच्या मेळाव्यात चामड्याचे काय काम, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात आला असेल. तो येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही.

प्रथम या वस्त्राचा पूर्ववृत्तांत पाहू. न्यूयॉर्क शहरात अर्व्हिंग आणि जॅक शॉट या दोघा भावांनी १९१३ साली धंदा मांडला. त्यांचे घराणे रशियातून स्थलांतर करून आलेले. आरंभी ते रेनकोट बेतून शिवीत, आणि तो माल दारोदार फिरून विकला जाई. म्हणजे तीही आपल्यासारखीच कात्री-सुईवर पोट भरणारी माणसे होती. त्याच १९१३ साली गिडियन सुंडबॅक नावाच्या अभियंत्याने, आपण बोलण्यात जिला चेन म्हणतो, तिचा आजच्या धर्तीचा आराखडा सिद्ध केला. शॉट बंधूंनी ही चेन जाकिटाला लावली आणि १९२८ साली खास मोटरसायकलस्वारांसाठी चामड्याचे जाकीट काढले. त्याची किंमत साडेपाच डॉलर होती. अर्व्हिंग शॉट यांना एक चिरूट फार प्रिय होता, त्याचेच ‘परफेक्टो’ हे नाव त्यांनी जाकिटाला दिले. पुढे १९५३ साली ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो या नटाने असे जाकीट घातले आणि त्याची ख्याती जगभर पसरली.

या जाकिटाचा बेत पाहिला म्हणजे बेतणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते. चेन सरळ मध्यावर नसून तिरकी आहे, कारण स्वार पुढे वाकला की मधली चेन पोटात रुतते. एक पाखे दुसऱ्यावर चांगले चार बोटे चढते, त्यामुळे समोरचा वारा छातीत शिरत नाही. उंची कंबरेपाशीच संपते, कारण बसलेल्या माणसाच्या मांडीवर लांब जाकीट गोळा होते. बाह्या मात्र उभ्या माणसाला किंचित लांब वाटतात. हात पुढे जाऊन दांड्यावर टेकले की त्या मनगटावर बरोबर येतात. कित्येक जाकिटांत पाठीला खांद्यालगत मोठ्या चुण्या असतात, तर कित्येकांत काखेत कळी बसविलेली असते. दोन्हींचा हेतू एकच, हात पुढे केल्यावर पाठ ताणली जाऊ नये. सारांश, हे वस्त्र उभ्या माणसासाठी बेतलेले नाही. बसलेल्या आणि हात पुढे पसरलेल्या माणसासाठी बेतलेले आहे. ही एक गोष्ट ध्यानी ठेवली, तर पुढचे अर्धे काम सोपे होते.

आता उदाहरण. आपल्याच समाजातील एक तरुण पुण्यात नोकरी करतो. कंपनीच्या कामासाठी तो अमेरिकेत गेला असता तेथील जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्याने असे एक जाकीट विकत आणले. जाकीट त्याच्या वयाहून जुने; चामडे जाड, वापराने मऊ झालेले, कोपरांवर सुरेख मुरलेले. खांदा त्याला बरोबर बसत होता, परंतु छातीत आणि कंबरेत ते सैल होते. मोटरसायकलवर बसताच सैल जाकिटात वारा भरे आणि पाठीमागे फुगा होई. त्याने ते आपल्या समाजाच्या तीन दुकानांत दाखविले. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले, “चामड्याला आम्ही हात लावीत नाही.” मग तो एका चर्मकार कारागिराकडे गेला. तो सद्गृहस्थ म्हणाला, “बाळ, शिवून मी देईन, पण अंगाला कुठे किती धरायचे, ते माप मला सांगणारा आण.” तो मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, शिंपी म्हणतो चामडे माझे नव्हे, चर्मकार म्हणतो माप माझे नव्हे. मग हे जाकीट कोणाचे?”

बंधूंनो, त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हांस काही दिवस अस्वस्थ केले.

आपल्या तीन दुकानांनी नकार दिला त्याला दोन कारणे होती. पहिले कारण प्रामाणिक होते. चामड्याचे काम कापडाहून खरोखरच वेगळे आहे आणि जे येत नाही त्याला नाही म्हणणे हा कारागिराचा धर्मच आहे. दुसरे कारण कोणी मुखाने बोलले नाही. आपल्या वाडवडिलांनी चामडे विटाळाचे मानले आणि चामड्याचे काम करणाऱ्या बांधवांना गावाबाहेर ठेवणाऱ्यांत आपणही होतो. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायद्याने जे गेले ते सवयीतून जावयास वेळ लागतो. ‘हात लावीत नाही’ या शब्दांत ती सवय अजून वस्तीला आहे, असे आम्हांस वाटते. कमरेचा पट्टा चामड्याचा, पायातील वहाण चामड्याची, खिशातील पाकीट चामड्याचे. आणि सुईलाच तेवढा विटाळ, हे कोणत्या गणितात बसते?

पहिल्या कारणाचा विचार मात्र सविस्तर करावयास हवा, कारण ते शिकून दूर करता येण्याजोगे आहे.

कापड आणि चामडे यांतील मुख्य भेद असा की, कापड विसरते, चामडे विसरत नाही. कापडात सुई शिरली की धागे बाजूला सरतात. टाका उसवला, थोडे पाणी शिंपडून इस्त्री फिरविली की छिद्र बुजते. चामड्यात धागे नाहीत. तेथे सुईचे प्रत्येक छिद्र कायमचे. म्हणून चामड्याला टाचणी लावीत नाहीत. कागद धरण्याचे चिमटे किंवा दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावतात. कच्चा धावदोरा घालून पाहण्याचीही सोय नाही. चुकलेला टाका जन्मभर दिसतो.

यातूनच पुढचा नियम निघतो. जाकीट लहान करता येते, मोठे करणे कठीण. आपल्या धंद्यात शिलाईच्या आत जी जास्तीची पट्टी सोडतात तिला आपण ‘माया’ म्हणतो. किती गोड शब्द आहे! मूल वाढेल म्हणून आई सदऱ्यात माया सोडावयास सांगते. चामड्यात ही माया फार थोडी, बहुधा पाव इंच ते तीन अष्टमांश इंच एवढीच असते. ती सोडून जाकीट सैल केले, तर जुन्या टाक्यांची छिद्रे आतून बाहेर येतात आणि रांगेने दिसू लागतात. उलट जाकीट आत धरले, तर जुनी छिद्रे मायेत जातात आणि झाकली जातात. म्हणून जुने जाकीट घेणाऱ्याने खांद्याला बरोबर आणि अंगाला किंचित सैल असेच घ्यावे. घट्ट जाकीट सैल करावयाचेच झाले, तर दोन्ही बगलांना चामड्याची पट्टी जोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि मुरलेल्या चामड्याशी नव्या चामड्याचा रंग जुळणे दुरापास्त.

दुसरा भेद टाक्याचा. सदऱ्याला इंचात बारा-चौदा टाके घालणारा कारागीर नीटस समजला जातो. चामड्याला तीच नीटसपणा घातक ठरते. टपाल तिकिटांच्या ताव्यावर छिद्रांच्या रांगा असतात, त्या कशासाठी? तिकीट तेथून सहज फाटावे म्हणून. चामड्यावर दाट टाके घातले तर तेच होते. तेथे टाका तीन ते चार मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला सहा ते आठ असावा. सुईही निराळी. कापडाच्या सुईचे टोक निमुळते असते, तर चामड्याच्या सुईचे टोक बारीक पात्यासारखे कापणारे असते. दोरा सुती नसावा, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा असावा. सुती दोरा काळाने कुजतो. जुन्या जाकिटाची शिवण हाताने ओढताच सुटते ती बहुधा यामुळेच. टोकाला मशीन मागे-पुढे चालवून पक्के करण्याचीही आपली रीत तेथे चालत नाही, कारण एकाच जागी छिद्रावर छिद्र पडते. दोऱ्याची टोके आत ओढून गाठ मारावी.

तिसरा भेद जाडीचा. अशा जाकिटाचे चामडे साधारणपणे १.२ मिलिमीटर जाड असते. जेथे चार पदर एकत्र येतात तेथे जाडी ४.८ मिलिमीटर झाली. घरगुती मशीन तेथे अडते आणि सुई मोडते. चर्मकार बांधवांकडे सिंगर कंपनीचे २९के या जातीचे जे जुने मशीन दिसते, त्याचा पाय स्वतःच माल पुढे ओढतो आणि हव्या त्या दिशेला वळतो. त्याची भुजा इतकी बारीक की ती बाहीच्या आत शिरते. हे मशीन आपल्या दुकानांत सहसा नसते. त्यांच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आहे.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम सांगतो. ज्यांच्या घरी असे जाकीट असेल त्यांनाही तो उपयोगी पडावा.

सर्वांत आधी चामड्याची प्रकृती पाहावी. कॉलरच्या आतल्या बाजूस, जेथे खूण दिसणार नाही तेथे, ते हलके दुमडून पाहावे. भेग पडली, किंवा बोटाला तांबूस भुकटी लागली, तर काम तेथेच थांबवावे. ते चामडे नवा टाका धरणार नाही. कोकणासारख्या दमट हवेत बुरशी आलेली असेल, तर ती पुसून जाकीट सावलीत वाळवावे. उन्हात कधीही ठेवू नये.

मग माप. आपण माप घेताना गिऱ्हाइकाला ताठ उभे करतो. येथे त्याला मोटरसायकलवर बसवावे, आत रोज घालतो तोच सदरा घालावयास सांगावे, चेन लावावी, हात दांड्यावर ठेवावयास सांगावे आणि मग बगलेत किती सैल आहे ते चिमट्यांनी धरून पाहावे. त्या तरुणाचे जाकीट उभे असता छातीत चार इंच सैल वाटत होते. बसल्यावर मात्र असे दिसले की दोन इंचांपेक्षा अधिक धरले तर हात पुढे जाणार नाहीत. दोन इंच कमी करणे म्हणजे प्रत्येक बगलेत एक इंच, आणि प्रत्येक बगलेतील पुढच्या व मागच्या भागातून अर्धा-अर्धा इंच. हिशोब तिसरीच्या मुलाचा. परंतु तो चुकून प्रत्येक भागातून एक-एक इंच धरला गेला, तर चार इंच जातात आणि जाकीट वाया जाते.

कोठे हात घालू नये हेही सांगितले पाहिजे. खांद्याची रुंदी बदलू नये. तेथे कॉलर, पट्ट्या, बाही आणि पाठीच्या चुण्या यांची गुंतागुंत असते. बाही लांब वाटली म्हणून आखूड करण्याची घाई करू नये. मनगटाशी चेन असते, ती उसवून वर सरकवावी लागते, आणि बसल्यावर ती बाही मुळात लांब नसतेच. खिशांच्या तोंडापर्यंत शिवण जाईल इतके पुढचे पाखे धरू नये. मूळ चेन चालू असेल तर ती काढू नये. जुन्या वस्तूची किंमत तिच्या जुनेपणातच असते.

नंतर अस्तर. बाहीच्या अस्तराची शिवण वीतभर उसवून त्यातून जाकीट उलटे करतात, किंवा खालच्या दुमडीपाशी अस्तर सोडवतात. आधी वरची दिसणारी शिवण आणि मग आतील मूळ शिवण उसवावी. ओढून नव्हे, एकेक टाका कापून. खूण नेहमी आतल्या, खरबरीत बाजूला करावी. दोन्ही कडा चिकट द्रावणाने हलक्या धरून ठेवाव्या, मगच मशीन चालवावे. नवी शिवण मुंढ्यात एकदम न संपविता बाहीच्या खालच्या शिवणीत निमुळती नेऊन मिळवावी, नाहीतर काखेत टोक येते. शेवटी मायेची कड रापीने तासून पातळ करावी, चिकटवून दोन्हीकडे पसरावी आणि कापड ठेवून लाकडी हातोडीने ठोकावी. इस्त्री लावू नये. उष्णतेने चामडे आकसते. अस्तरही त्याच मापाने आत घ्यावे, परंतु ते चामड्याहून किंचित सैल ठेवावे, म्हणजे हालचालीत ताण अस्तरावर येत नाही.

यातील रापी आणि आरी चालविणे आपल्यास येत नाही. चिमट्याने अंगावर माप धरणे, मुंढ्यात शिवण निमुळती नेणे आणि अस्तर बेतणे त्यांना येत नाही. म्हणून आम्ही एक केले. आपल्या समाजातील एका वृद्ध कापणाऱ्या मास्तरांना विनंती करून त्या चर्मकार कारागिराच्या कारखान्यात नेले. मास्तरांनी मुलाला मोटरसायकलवर बसविले आणि चिमटे लावले. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांशी जपून बोलत होते. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, “दादा, ही कड अजून थोडी तासाल का?” आणि ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही ही शिवण काखेत कशी विरवली, ते मला पुन्हा दाखवा.” चौथ्या दिवशी जाकीट तयार झाले. मजुरीचे दोन समान भाग झाले. दोघांनी एकाच किटलीतला चहा घेतला, हेही आम्ही मुद्दाम नमूद करतो. जाकीट मुलाला असे बसले की मूळ शिवण कोठे होती आणि नवी कोठे, हे दाखवावे लागले.

संत नामदेव महाराज शिंपी होते आणि संत रोहिदास चर्मकार. दोघांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात एकत्र आहे. एका ग्रंथात दोघांना शेजारी बसावयास अडचण पडली नाही; आपल्याला एका कामावर बसावयास ती का पडावी?

आता मूळ विषयाकडे वळतो. आज आपल्या दुकानांत नवे कपडे शिवून घेणारे कमी झाले आणि तयार कपडे आखूड, घट्ट, सैल करून नेणारे वाढले. तरीही आपण या कामाची लाज बाळगतो. दुकानाच्या फलकावर ‘सूट स्पेशालिस्ट’ ही अक्षरे मोठी, आणि ‘आल्टर करून मिळेल’ ही कोपऱ्यात बारीक. याच स्मरणिकेतील वधू-वर परिचयाची पाने चाळून पाहावी. शिवणकाम करणारा मुलगा ‘व्यवसाय : स्वतःचा’ एवढेच लिहितो, कारण त्यापुढे लिहिले तर मुलीकडची मंडळी पान उलटतात. कारखान्यात एकाच मापाची शेकडो जाकिटे निघतात. त्यातले एक, एका विशिष्ट माणसाच्या अंगाला बसते करणे हे काम कारखाना करीत नाही; ते हातच करतो. ज्याला दुसऱ्याने केलेले काम उसवून, त्याची बुद्धी ओळखून, कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये हे कळते, तो नवे शिवणाऱ्याहून तसूभरही कमी नव्हे. गणितातही, दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण तपासणे हे स्वतः सोडविण्यापेक्षा कठीण असते.

तेव्हा मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्याच व्यासपीठावर एका दुरुस्ती-कारागिराचाही सत्कार व्हावा. दुसरी, मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाच्या सभागृहात चामड्याच्या शिवणीचा वर्ग भरवावा आणि शिकविण्यासाठी चर्मकार समाजातील अनुभवी कारागिरांना सन्मानाने, योग्य मानधन देऊन, बोलवावे. त्या वर्गास त्यांचीही मुले यावीत आणि माप व अस्तर आपल्या मास्तरांनी शिकवावे. तिसरी, वधू-वर परिचयाच्या पानांत व्यवसाय स्पष्ट लिहिण्याचा प्रघात पाडावा, आणि मुलीच्या वडिलांनी तो वाचून पान उलटण्यापूर्वी एकदा त्या मुलाचे काम हाती घेऊन पाहावे.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.  मे महिन्यातील वर्गासाठी पहिली देणगी म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे देत आहोत. पहिल्या वर्गासाठी सुया, दोरा आणि शिकण्यापुरते चामडे तेवढ्यात यावे असा आमचा हिशोब आहे.